चेतना, भूल आणि पुंजवाद

गेल्या मार्गशीर्षात सिल्लोड तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. सहाव्या दिवशी प्रवचनाची सेवा आमच्याकडे होती. मक्याची खळी नुकतीच उरकलेली, त्यामुळे मंडप भरलेला होता, आणि भरलेला मंडप पाहिला की बोलणाराची जीभ थोडी सैल सुटते हे वाचकांस ठाऊक आहेच. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणून गेलो की, "आता तर विज्ञानानेही आत्मा सिद्ध केला आहे. पुंजवाद म्हणून जे शास्त्र आहे, ज्याला लोक क्वांटम म्हणतात, त्याने." माना डोलल्या. आम्हालाही बरे वाटले.

खाली उतरल्यावर शाळेत पदार्थविज्ञान शिकविणारे एक गृहस्थ पाया पडले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बुवा, हे कोणी सिद्ध केलं, कधी केलं, आणि कसं, तेवढं सांगा. मला वर्गात मुलांना सांगता येईल." आमच्यापाशी उत्तर नव्हते. मोबाईलवर कोणीतरी धाडलेली एक चित्रफीत, एवढाच आमचा आधार. ती सुद्धा आम्ही अर्धीच पाहिलेली.

त्याच रात्री आमच्या दिंडीतले आप्पा जवळ येऊन बसले. वय सत्तरीच्या पुढे. दोन महिन्यांपूर्वी शहरात पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली होती. आप्पा म्हणाले, "बुवा, भूल देताना मी नाम घेत होतो. विठ्ठल म्हणायला तोंड उघडलं, 'विठ्' एवढं झालं, आणि पुढचा अक्षर उमटला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होतो, पोटाला पट्ट्या बांधलेल्या. मधी दोन तास गेले म्हणतात. झोपेत माणसाला झोपलो होतो एवढं तरी कळतं. इथं तर पानच फाडून नेल्यावाणी. मी कुठं होतो हो? आणि शेवटाला असंच झालं तर? नाम अर्ध्यात तुटलं तर?"

एकाच दिवशी दोन प्रश्न आले, आणि दोन्ही एकाच दाराशी जाऊन उभे राहतात. ते दार म्हणजे मनुष्याची जाण, तिचे शुद्धीवर असणे. म्हणून पुढले चार महिने आम्ही जमेल तेवढे वाचले, त्या शिक्षकांना विचारून समजून घेतले, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो.

आरंभ भुलीपासून करू, कारण चेतना काढून घेता येते आणि परत ठेवता येते असा हा एकच रोजचा प्रसंग आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले व शस्त्रक्रिया पार पडली. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरले. आणि या कथेचा एक भाग आपल्या जुन्या मुलखात घडला आहे. सिल्लोड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या राजधानीत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या तपासासाठी दोन आयोग बसले. क्लोरोफॉर्मने अधूनमधून रोगी टेबलावरच दगावत असे. आधी हृदय थांबते की आधी श्वास, हा वाद होता. एडवर्ड लॉरी या शल्यवैद्याचे म्हणणे, श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको. निजामाने खर्चाचा भार घेतला, लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य आले, कुत्री, माकडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि निर्णय लॉरी यांच्या बाजूने लागला. हैदराबादच्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई त्या काळी भूल देण्याचे काम करीत. जगातील आद्य भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते.

पण १९११ साली लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदय एकाएकी थरथरून थांबू शकते. आयोगाचा निर्णय अपुरा ठरला. राजाचा पैसा, विलायतेचा वैद्य, शेकडो प्रयोग, एवढे असून चूक राहिली. आम्ही तर अर्ध्या चित्रफितीवर बोललो होतो!

आता नवल असे की, भूल देण्याची विद्या एवढी पुढे गेली तरी ती चेतना नेमकी कशी काढून घेते हे पुरतेपणी उलगडलेले नाही. सुमारे १९०० च्या सुमारास मेयर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे पाहिले की, जो पदार्थ तेलात अधिक विरघळतो तो भुलीलाही अधिक प्रबळ. पुढे कळले की ही औषधे मेंदूतील पेशींच्या प्रथिनांवर बसतात. आप्पांना शिरेतून जे दुधासारखे पांढरे औषध दिले गेले, ते पेशींना गप्प करणाऱ्या संदेशाला बळ देते, एवढे निश्चित ठाऊक आहे. पण झेनॉन नावाचा वायू पहा. हा असा विरक्त की शरीरात कोणाशी संयोग पावत नाही. तरी त्यानेही माणूस बेशुद्ध होतो. कोणाशी काही देणेघेणे नसलेला वायू जाण घालवितो कसा? येथे काही विद्वानांना शंका आली की, कारण रसायनाच्याही खाली, अणूंच्या घरात असावे.

अणूंच्या घरचा कायदा म्हणजेच पुंजवाद. १९०० साली जर्मनीचे माक्स प्लांक यांनी मांडले की, उष्ण वस्तूतून निघणारे तेज सलग धारेने येत नाही, पुडक्यापुडक्यांनी येते. दूध आपण लहानमोठ्या कोणत्याही मापाने ओततो, पण नाणी मोजूनच द्यावी लागतात. तेज हे दुधासारखे वाटत होते, ते नाण्यासारखे निघाले. १९२५-२६ च्या सुमारास हायझेनबर्ग, श्रोडिंजर प्रभृतींनी याचे गणित बांधले. त्या गणिताचा चमत्कारिक भाग असा की, सूक्ष्म कण मोजला जाईपर्यंत अनेक अवस्था एकत्र धारण करून असतो. कीर्तनकाराच्या गळ्यातल्या वीणेची तार एकदाच छेडली तरी तिच्यात मूळ स्वर आणि वरचे बारीक स्वर एकाच वेळी नांदत असतात, काहीसे तसे. मात्र मापून पाहिले की त्या अनेकांतली एकच अवस्था हाती येते. अनेकाचे एक कसे होते, केव्हा होते, याविषयी शंभर वर्षे झाली तरी शास्त्रज्ञांत एकमत नाही.

श्रोडिंजर स्वतः उपनिषदांचे प्रेमी होते, आणि १९४४ साली 'जीवन म्हणजे काय' या अर्थाच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी त्यांनी आत्म्याच्या एकत्वाचा विचार मांडला आहे. आपल्यातली पुष्कळ मंडळी या गोष्टीवर हुरळतात. पण वाचकांनी ध्यानी घ्यावे की, तो त्यांचा स्वतःचा तत्त्वविचार होता. समीकरणातून तो निघाला, असा दावा त्यांनी केलेला नाही.

प्रत्यक्ष दावा केला तो इंग्लंडचे गणिती रॉजर पेनरोझ यांनी, १९८९ च्या ग्रंथात. (याच पेनरोझ यांना कृष्णविवरांवरील कामासाठी २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक चेतनेच्या सिद्धान्तासाठी नव्हते. चित्रफितीत हा फरक गाळलेला असतो.) त्यांच्या विचाराची मांडणी अशी. १९३१ साली गोडेल यांनी सिद्ध केले की, अंकगणित ज्यात मावते अशी कोणतीही सुसंगत नियमावली घ्या, तिच्या भाषेत मांडता येणारे असे काही विधान राहतेच की जे तिच्या नियमांनी सिद्धही होत नाही आणि खोडलेही जात नाही. पेनरोझ म्हणतात, अशा विधानाचे खरेपण गणितज्ञाच्या बुद्धीला तर दिसते. मग बुद्धी ही नियमाने चालणारे यंत्र नव्हे. सृष्टीत कोठेतरी असे काही घडत असले पाहिजे की जे कोणत्याही यंत्राच्या गणितात बसत नाही. आणि अनेकाचे एक होण्याचा जो क्षण, तेथे ते घडत असावे. बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना ही उडी मान्य नाही. ते विचारतात, आपली स्वतःची बुद्धी सुसंगत आहे हे मनुष्याला कशावरून ठाऊक? आमच्या मते हा आक्षेप वजनदार आहे. मंडपात त्या दिवशी आम्हालाही सारे स्पष्ट 'दिसत' होतेच की.

पेनरोझ यांना मेंदूतले स्थान सापडत नव्हते. ते सुचविले स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी. हे अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातले भूलतज्ज्ञ. म्हणजे रोज माणसांची जाण काढून घेऊन परत देणे हा त्यांचा धंदाच. त्यांनी बोट ठेवले ते पेशीतील सूक्ष्मनलिकांवर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले की एक नॅनोमीटर. ही नळी अवघी २५ नॅनोमीटर रुंद. केसाच्या रुंदीत अशा सुमारे तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून ती बनते, आणि पेशीचा आकार राखणे, आतल्या मालाची वाहतूक करणे ही तिची सर्वमान्य कामे. १९९० नंतरच्या दशकात दोघांनी मिळून मांडले की, या विटांत पुंजावस्था जुळून येतात आणि ठराविक मर्यादेला पोचल्या की गुरुत्वाच्या योगाने आपोआप एक होतात. असा प्रत्येक क्षण म्हणजे जाणिवेचा एक क्षण.

कल्पना मोठी देखणी आहे. पण सगळ्यांना ठाऊक असलेली अडचण तिच्या वाटेत उभी आहे. पुंजावस्था फार नाजूक. वीणा एकांतात वाजली तर बारीक स्वर ऐकू येतात. शंभर टाळकऱ्यांच्या गजरात तीच तार छेडा, स्वर असतो पण कोणाला वेचून काढता येत नाही. आज क्वांटम संगणक म्हणून जी यंत्रे बनतात त्यांपैकी पुष्कळांना शून्याखाली २७३ अंशांच्या अगदी जवळ थंड करून ठेवावे लागते. आणि मेंदू तर ३७ अंशांवर, ओला, पाण्याच्या रेणूंची अखंड धक्काबुक्की चाललेला. २००० साली माक्स टेगमार्क यांनी हिशेब केला की मेंदूत अशी अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकेल. चेतापेशीचे काम सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या मापाने चालते. म्हणजे पेशीचा एक ठोका पडेपर्यंत ती अवस्था हजार कोटी वेळा मोडून जाईल. हॅमरॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उलट हिशेब मांडला, नळीची रचना वेगळी धरली तर ती सेकंदाच्या लक्षांशापर्यंत, कदाचित त्याहून अधिक टिकेल. हा हिशेब मान्य केला तरी अंतर उरतेच.

जीवसृष्टीत पुंजवादाचा मागमूस नाहीच असेही मात्र म्हणता येत नाही. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात ते आपण पाहतो. अशा प्रवासी पक्ष्यांना पृथ्वीचे चुंबकत्व कळते. युरोपातल्या रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यातील एका प्रथिनावर २०२१ साली प्रयोग प्रसिद्ध झाले. ते प्रथिन काचपात्रात चुंबकाला प्रतिसाद देते, आणि तो प्रतिसाद इलेक्ट्रॉनांच्या गिरकीच्या पुंजनियमानेच समजतो. ओल्या, उबदार डोळ्यात हे घडत असेल तर मेंदूत काहीच घडणार नाही असे आधीच ठरविणे बरे नव्हे. पण याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवले पाहिजे. २००७ साली असे प्रसिद्ध झाले की, प्रकाशातून अन्न करणाऱ्या जीवाणूच्या प्रथिनात पुंजलहरी बराच वेळ टिकतात. मोठा गाजावाजा झाला. २०२० पर्यंत अधिक बारकाईने पाहता बहुतेकांचे मत झाले की, ती मुख्यतः रेणूंची साधी कंपने होती.

आता थेट चेतनेविषयीचे प्रयोग. झेनॉन वायूचे निरनिराळ्या वजनांचे अणू असतात. रसायनाच्या दृष्टीने सारे सारखेच, पण काहींच्या अणुगर्भाला गिरकी असते, काहींच्या नसते. २०१८ साली चिनी संशोधकांनी उंदरांवर पाहिले की, गिरकी असलेल्या झेनॉनने भूल यावयाला अधिक वायू लागतो. हा निकाल टिकला तर फार महत्त्वाचा, कारण गिरकी ही शुद्ध पुंजवादी गोष्ट. पण एवढ्या मोठ्या इमारतीला अशा एका खांबावर उभी करता येत नाही. २०२४ साली अमेरिकेत वेलस्ली येथे उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट करणारे औषध देऊन मग भूल दिली, तेव्हा ते सरासरी मिनिटाहून अधिक उशिरा बेशुद्ध झाले. म्हणजे भुलीचा नलिकांशी काही संबंध असावा. परंतु नलिका पेशीत माल वाहतात, हे आपण वर पाहिले. त्या वाहतुकीत बदल झाल्यानेही असा फरक पडू शकतो. नलिका म्हणजे पुंजवाद, असे समीकरण त्यातून निघत नाही.

गुरुत्वाने अवस्था एक होते या भागाची परीक्षा इटलीत झाली. ग्रान सासो पर्वताच्या पोटात, सुमारे १४०० मीटर खडकाखाली, बाहेरच्या किरणांचा त्रास नको म्हणून प्रयोगशाळा आहे. अशी क्रिया खरोखर घडत असेल तर तिच्या सर्वांत सरळ रूपात पदार्थातून अत्यंत मंद किरण निघावे लागतात. ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शोधात सापडले नाहीत. त्याच गटातील शास्त्रज्ञांनी २०२२ साली लिहिले की, चेतनेच्या या सिद्धान्ताचे साधे रूप आता फारच असंभाव्य वाटते. पेनरोझ यांचे म्हणणे असे की त्यांच्या रूपात किरण निघण्याचे कारणच नाही. असो, वाद मिटलेला नाही, पण वाट अरुंद झाली आहे.

महाराष्ट्रातही या अनेकाचे एक होण्याच्या प्रश्नावर काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना तेजिंदर पाल सिंग यांनी देशी-विदेशी सहकाऱ्यांबरोबर २०१३ साली या विषयातील सिद्धान्त व प्रयोग यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. जगभर तो आधारग्रंथासारखा वापरला जातो. त्याचा रोख आहे तो गोष्ट मोजून कशी ठरवावी इकडे. अनेकाचे एक करण्यासाठी पाहणाऱ्या मनाची गरज आहे, असे त्या सिद्धान्तांत कोठेही धरलेले नाही. उलट पाहणारा नसतानाही ते कसे घडेल, हाच त्यांचा शोध. 'कोणी पाहिल्यावाचून जग नाही हे विज्ञान सांगते,' असे ज्यांना व्यासपीठावरून सांगावयाचे असेल त्यांनी थोडे थांबावे. यांत आम्हीही आलो.

बुद्धीच्या बाबतीत एक वेगळीच शाखा आहे, तिची गल्लत होऊ नये म्हणून सांगतो. एखाद्या शेतकऱ्याला आधी "यंदा पाऊस कसा झाला?" असे विचारून मग "आपण समाधानी आहात का?" विचारा, आणि दुसऱ्याला हेच प्रश्न उलट क्रमाने विचारा. उत्तरे बदलतात. पहिला प्रश्न मनाला एका बाजूला वळवून ठेवतो. पुंजवादातही आधी काय मोजले यावर पुढले मोजमाप अवलंबून असते. जेरोम ब्यूसमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली सुमारे ७० मोठ्या पाहण्यांतील उत्तरे तपासून दाखविले की, क्रमाने होणारा हा फरक पुंजवादाच्या गणितात सुरेख बसतो. पण मेंदूत पुंजक्रिया चालतात असे आम्ही म्हणत नाही, हे या मंडळींनी स्वतःच स्पष्ट केले आहे. गणित उसने घेतले एवढेच. पंचांगाचे गणित वापरणारा कोणी चंद्रावर राहत नाही.

मग आमच्या प्रवचनातल्या वाक्याचे काय? ते मागे घेतले पाहिजे, आणि पुढल्या एकादशीस त्याच गावी जाऊन आम्ही ते मागे घेतले. विज्ञानाने आत्मा सिद्ध केलेला नाही. मेंदूत जाणिवेसाठी पुंजक्रिया लागतात हेही सिद्ध झालेले नाही. तो एक धाडसी, अल्पमताचा, पण तपासता येण्याजोगा विचार आहे.

यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "मग उद्या सिद्ध झालं की जाणीव म्हणजे या नळ्यांतली खळबळ, तर आपलं काय राहिलं?" या प्रश्नाने आम्हाला पुन्हा तेराव्या अध्यायापाशी नेले. तेथे क्षेत्र कोणते आणि क्षेत्रज्ञ कोण याची वाटणी आहे. आजवर आम्ही किती वेळा तो अध्याय वाचला, पण एक गोष्ट नजरेतून निसटत होती. गीतेने चेतना क्षेत्रात घातली आहे. इच्छा आणि द्वेष, सुख आणि दुःख यांच्याच पंगतीत, देहाच्या बाजूला. जाणणाऱ्याच्या बाजूला नव्हे. शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी त्या शब्दावर टीका केली तेव्हा लोहचुंबक जवळ असता लोखंड हलू लागते असा दृष्टांत दिला. चुंबक आणि हालचाल यांत त्यांनी भेद ठेवला. (आता यावरून माउलींना चुंबकीय पुंजवाद ठाऊक होता असे कोणी कृपा करून म्हणू नये.) तेव्हा देहातली चेतना भुलीने विझते, औषधाने मंदावते, नळ्यांनी वा पेशींनी समजावता येते, यात परंपरेला धक्का बसण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही. क्षेत्राची मोजणी शास्त्रज्ञांनी करावी. क्षेत्रज्ञ त्यांच्या मापात सापडला अशी ग्वाही त्यांच्याकडून मागू नये, आणि सापडला नाही म्हणून त्यांच्यावर रागवूही नये.

हे सारे आम्ही आप्पांना सांगितले. नळ्या, वायू, उंदीर, इटलीतला डोंगर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरालाबी पुरतं ठाऊक नाही, मी कुठं होतो ते?"

"नाही आप्पा. किती औषध द्यायचं, श्वास कसा राखायचा, परत कसं आणायचं, हे त्यांना नीट ठाऊक आहे. तुम्ही कुठे होता ते नाही."

"आणि तुमाला?"

"आम्हालाही नाही."

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण एक पाहिलं का बुवा, 'विठ्' तिथं राहिलं आन् 'ठल' इथं आलं. मी नव्हतो, तरी उरलेलं अक्षर कोणी सांडलं नाही." आम्ही त्यांना म्हणालो की, शास्त्रज्ञ याला स्मृतीचे काम म्हणतील, भुलीने जाण जाते, पण पेशींतली आधीची घडण पुसली जात नाही. आप्पा म्हणाले, "म्हणू द्या की."

येत्या पौषात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावयाचा आहे. त्याला पुरती भूल देत नाहीत, डोळा तेवढा बधिर करतात, हे कळल्यापासून स्वारी खुशीत आहे. शस्त्रक्रिया चालू असता मोठ्याने नाम घेतले तर चालेल का, असे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मनात घ्या. डोकं हलता कामा नये."